घंटा, दंड आणि मठ्ठा

माणसाला मित्र करायचे असतील तर ते चाळिशीच्या आत करून घ्यावेत. त्यानंतर नुसत्या ओळखीवर भागत नाही. घटना लागते, पोटनियम लागतात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि एक पितळी घंटा लागते. शाळासोबत्याच्या घरी आपण "आहे का रे?" असं ओरडत थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. पण पंचेचाळिशीचा हार्डवेअरवाला पंचेचाळिशीच्या दंतवैद्याकडे संध्याकाळी सहज म्हणून गेला, तर दंतवैद्य त्याला आधी खुर्चीवर आडवा करून तोंड उघडायला सांगतो. या दोघांना दीड तास एकमेकांबरोबर काहीही कारण नसताना घालवायचा असेल, तर मधे काहीतरी कारण ठेवावंच लागतं. आमच्या तालुक्याच्या गावात त्या कारणाला समाजसेवा म्हणतात आणि ती दर गुरुवारी असते.

ही युक्ती आमच्या गावची नव्हे, शिकागोची. तिथे पॉल हॅरिस नावाचा एक वकील होता. व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड या लहान गावात आजी-आजोबांपाशी वाढलेला. शिकागोत त्याची वकिली चालली, पण रविवार काही केल्या सरेना. खटल्यापुरती भेटणारी माणसं भरपूर, बिनखटल्याचं एकही नाही. शेवटी २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी तो तिघांबरोबर बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी. युनिटी बिल्डिंगमधली ७११ नंबरची खोली खाण-अभियंत्याची होती. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत घ्यायच्या ठरल्या आणि त्या फिरतीवरून रोटरी हे नाव पडलं. हा तेजस्वी इतिहास मी घरी सांगितला, तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे भिशीच की. मग त्या महिन्यात पैसे कोणाला लागले?"

चौघांनंतर पाचवा आला तो हॅरी रगल्स. सभेत समूहानं गाणी म्हणायची प्रथा त्यानं पाडली. हा गृहस्थ छापखानेवाला होता, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष ममत्व आहे. कारण मीही छापखानेवाला. माझ्या गाण्याला मात्र आमच्या गावच्या रोटरी क्लबनं कधी उत्तेजन दिलं नाही. मला घेतलं ते वेगळ्याच गरजेपोटी. क्लबच्या पत्रिका पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणाहून छापून यायच्या आणि दर वेळी त्यात कोणीतरी एक माजी अध्यक्ष गळायचा. गळालेला माणूस वर्षभर बोलायचा नाही. तेव्हा आपल्यात एक छापखानेवाला असावा, असा ठराव झाला. त्याच सभेत छपाईचा खर्च शून्यावर आणण्याचाही ठराव झाला होता, हे मला पुढे जुनं इतिवृत्त वाचताना कळलं.

मूळ नियमाप्रमाणे एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. एकाच धंद्यातली दोन माणसं शेजारी बसली की मैत्रीला बाध येतो, हा त्यातला शहाणपणा. नियम पुढे सैल झाला, पण आमच्या जुन्या मंडळींच्या मनातून गेला नाही. अडचण एवढीच, की शिकागोत धंद्यांना तोटा नव्हता आणि आमच्या गावात धंदे चार : दवाखाना, बांधकाम, किराणा आणि खतं-बियाणं. मग वर्गीकरणात थोडी कल्पकता दाखवावी लागली. एक ठेकेदार 'स्थापत्य' झाले, दुसरे 'पायाभूत सुविधा' झाले, आणि तिसरे प्लॉट पाडून विकतात ते 'नगररचना' या सदरात आले. नगररचना या विषयाशी त्यांचा संबंध ती मोडण्यापुरताच आहे, असं पालिकेतले लोक म्हणतात. किराणावाले अण्णा 'अन्नधान्य वितरण' झाले. 'मुद्रण' या सदरात मी एकटा आहे. त्या बाबतीत मला स्पर्धा नाही, कारण फुकट काम करायला दुसरा कोणी तयार नाही.

आमची सभा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. लगीनसराईत खाली हळद आणि वर आम्ही. एकदा आमचे पाहुणे वक्ते चुकून खालच्या हळदीत जाऊन बसले. तिथे त्यांना टोपी, उपरणं आणि नारळ मिळाला, वर दोनदा सरबत झालं. आमचा माणूस शोधत खाली पोचला तेव्हा ते म्हणाले, "कार्यक्रम उत्तम चाललाय, माझं भाषण कितव्या नंबरला आहे?"

अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सभा 'ऑर्डर'मध्ये येते. घंटेपूर्वी जे तावातावानं बोलत असतात ते घंटेनंतर कुजबुजतात, एवढाच फरक. अध्यक्षांच्या गळ्यात पदाची कॉलर असते. तिच्यावर पूर्वीच्या अध्यक्षांच्या नावांच्या पट्ट्या लटकवलेल्या असल्यानं क्लब जितका जुना, तितकी अध्यक्षाची मान खाली. राष्ट्रगीत होतं. मग चतुर्विध कसोटी सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. आपण बोलतो-करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय देणारं आहे का, त्यानं सद्भाव वाढेल का आणि त्यात सर्वांचं हित आहे का, असे ते चार प्रश्न. १९३२ साली हर्बर्ट टेलर या गृहस्थानं ते लिहून काढले. दिवाळखोरीच्या दारात उभी असलेली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी त्याला वर काढायची होती, आणि कंपनी खरोखरच वर आली. आमचे भांडीवाले सभासद त्यामुळे ही कसोटी घरचं कार्य असल्यासारखी खड्या आवाजात म्हणतात. नगररचनावाल्यांना पहिल्या प्रश्नालाच खोकला येतो. तो चौथ्या प्रश्नापर्यंत टिकतो आणि नंतर आठवडाभर त्रास देत नाही.

यानंतर उठतात सार्जंट. क्लबच्या शिस्तीचे हे अधिकारी. दंड वसूल करण्याचा अधिकार त्यांना आहे आणि दंडाला कारण लागतंच असं नाही. पिन लावायला विसरला, दंड. सभेत फोन वाजला, दंड. लग्नाचा वाढदिवस झाला, त्याचे शंभर. कितवा ते सांगता आलं नाही, तर दोनशे. वर्तमानपत्रात फोटो आला तर त्याचाही दंड, आणि हे कलम फारच लोकप्रिय आहे. कारण दंड ठोठावण्यासाठी सार्जंटला ती बातमी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवावी लागते. पतसंस्थेवर संचालक म्हणून निवडून आलेले एक सभासद स्वतःच्या बातमीचं कात्रण आदल्या दिवशी सार्जंटच्या दुकानी स्वतः नेऊन देतात आणि सभेत दंड झाला की "अरे, तुम्हाला कुठून कळलं?" म्हणून पाचशेची नोट काढतात. जाहिरातीचा दर पाहता हा सौदा स्वस्त आहे. मी छपाईच्या बिलाऐवजी दंडमाफी मागितली होती. सार्जंटनं मागणी केल्याबद्दल पन्नास रुपये घेतले.

सचिवांच्या सूचना येतात. त्या सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळीच वाचलेल्या असतात. तरी सचिव वाचतात, कारण हातात माईक असतो.

आता वक्ता. आठवड्याला एक धरला तरी वर्षाला पन्नासच्या आसपास वक्ते लागतात, आणि आमच्या तालुक्यात इतकं सांगण्यासारखं ज्ञान नाही. म्हणून मधुमेह दरवर्षी येतो. म्युच्युअल फंड येतो. ठिबक सिंचन, ताणतणाव व्यवस्थापन, आणि कोणीतरी कैलास-मानससरोवराला जाऊन आलेला असतोच, तो तीनशे फोटो घेऊन येतो. वक्त्यापेक्षा वक्त्याचा परिचय करून देणाऱ्याला जास्त तयारी असते. एका परिचयात वक्त्याच्या तिसरीतल्या शिष्यवृत्तीपासून सुरुवात झाली. डॉक्टरेटपर्यंत पोचता पोचता पडद्यामागून फोडणीचा वास आला. तिथून पुढे कोणत्याही वक्त्याची गाठ श्रोत्यांशी नसते, आचाऱ्याशी असते. भांड्याची झाकणं उघडल्याचा आवाज होतो आणि पहिल्या रांगेतली मान आपोआप उजवीकडे वळते. अनुभवी वक्ते इथे आवरतं घेतात. नवखे "आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो" म्हणतात आणि सभागृहाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मधुमेहाच्या कुठल्याही आलेखापेक्षा गंभीर असतं.

आभार मानणारा मात्र ठरलेला आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक सर आहेत. त्यांना भाषणाच्या आधीच आभार तयार असतात. मधल्या काळात ते डोळे मिटून चिंतन करतात. "अत्यंत ओघवत्या शैलीत, अनेक दाखले देत, आपल्याला अंतर्मुख करणारं" हे शब्द त्यांनी मुतखड्यावरच्या व्याख्यानालाही वापरले आणि ते तिथे चुकीचेही वाटले नाहीत.

मग फेलोशिप. पाहुण्यांना या भारदस्त नावाचा धाक वाटतो, म्हणून सांगतो : फेलोशिप म्हणजे जेवण. रोटरी चालली आहे तरी कुठे, असा प्रश्न कोणीतरी बर्नार्ड शॉला विचारला तेव्हा "जेवायला" असं तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. शॉनं हे टोमणा म्हणून म्हटलं असेल. आमच्या क्लबात हे वाक्य कोणालाही टोमणा वाटलं नाही. उलट जेवायला काय होतं, ते त्यानं का सांगितलं नाही अशी चौकशी झाली.

ताट हातात आलं की जी मंडळी तासभर एकमेकांना 'रोटेरियन अमुक' म्हणत होती ती 'अहो शेठ', 'काय सर' आणि 'डॉक्टर, जरा हे बघा ना' यावर येतात. घंटा वाजल्यापासून जे बोलायचं राहिलेलं असतं ते सगळं इथे बोललं जातं. मुलीसाठी स्थळ, बोअरला लागलेलं पाणी, जीएसटीची नोटीस, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करावं. मसालेभात वाढून घेताना एका सभासदानं धंदा बंद करत असल्याचं सांगितलं, आणि मठ्ठ्यापर्यंत दोघांनी त्याचा शिल्लक माल उचलायचा ठरवला होता. याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात त्या दिवशी 'मुतखडा : कारणे व उपाय' आहे.

गेल्या काही वर्षांत जेवणावर एक सावट आलं आहे. आमच्या पॅथॉलॉजी लॅबवाल्या मॅडम सभासद झाल्या. रोटरीनं स्त्रियांना दार उघडायला १९८९ साल उजाडलं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कान उपटल्यानंतर. आमच्या गावापर्यंत ते वारं पोचायला आणखी बराच काळ गेला. तोवर स्त्रिया क्लबात होत्या, पण 'अ‍ॅन' म्हणून. सभासदाची बायको अ‍ॅन आणि मुलं अ‍ॅनेट, अशी जुनी रीत. मी पहिल्यांदा पत्रिकेवर बायकोच्या नावाआधी 'अ‍ॅन' छापलं, तेव्हा सासूबाई ती पत्रिका लांब धरून वाचत म्हणाल्या, "लग्नात एकदा बदललंत ना नाव? मग आता परत कशाला?"

मॅडम अ‍ॅन नव्हेत, पूर्ण सभासद. आणि तालुक्यातल्या प्रत्येक सभासदाची साखर त्यांना पाठ. उपाशीपोटीची वेगळी, जेवणानंतरची वेगळी. त्या कोणाला काही बोलत नाहीत. नुसत्या गुलाबजामच्या भांड्याजवळ उभ्या राहतात. अण्णा तेव्हापासून गुलाबजाम मठ्ठ्याच्या पेल्यात लपवून नेतात. मॅडमचा दुसरा दोष याहून मोठा. आपल्या पहिल्याच सभेत त्यांनी हात वर करून विचारलं, "मागच्या सभेत स्मशानभूमीला दिवे बसवायचं ठरलं होतं, त्याचं पुढे काय झालं?" हॉलमध्ये शांतता पसरली. असा प्रश्न क्लबात यापूर्वी कोणी विचारला नव्हता. ठराव होतो, टाळ्या होतात, जेवण होतं. त्यानंतरही ठरावाला काही आयुष्य असतं ही कल्पना मंडळींना नवी होती. दिवे बसले. त्यांच्या उद्घाटनाला कोण जाणार, यावर मात्र एकमत होईना.

हजेरीचंही एक शास्त्र आहे. लागोपाठ चार सभा चुकवल्या तर सभासदत्व धोक्यात, असा जुना कडक दंडक. चुकलेली सभा दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढायची, त्याला 'मेकअप' म्हणतात. यामुळे कौटुंबिक सहलींचं वाटोळं झालं. आमचे भांडीवाले सहकुटुंब गोव्याला गेले आणि पहिल्याच संध्याकाळी सफारी घालून हॉटेलबाहेर पडले. "मेकअप करून येतो," एवढंच ते वहिनींना म्हणाले. परत येऊन पाहतात तर वहिनी मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलेल्या आणि खोलीची किल्ली वहिनींच्याच पर्समध्ये. दुसरा रोटेरियन भेटला की आपल्याकडे गोत्र विचारावं तसा रोटरी डिस्ट्रिक्टचा नंबर विचारतात : तुम्ही ३१३१, की ३१७०, की ३०३०? आकडा जुळला की ओळखीचे माजी गव्हर्नर निघतात, आणि मग पाव्हणा परका राहत नाही.

२०१६ मध्ये वरून नियम सैल झाले. क्लबांनी महिन्यातून निदान दोन सभा घेतल्या तरी चालेल, असं ठरलं. आम्ही आधुनिक विचारांचे असल्यानं हा बदल ताबडतोब स्वीकारला आणि एक आड एक गुरुवार सभा ठेवली. पहिल्याच रिकाम्या गुरुवारी साडेसातला हॉलच्या जिन्यात बहुतेक सगळे सभासद एकमेकांना भेटले. प्रत्येकजण "सहज इकडून चाललो होतो" म्हणत होता. खरी गोष्ट अशी, की गुरुवारी घरी आपल्यापुरता स्वयंपाक होत नाही, ही सवय घरच्यांनी मोडायला नकार दिला होता. सभा पुन्हा दर आठवड्याला सुरू झाली.

वर्ष आमचं एक जुलैला सुरू होतं आणि तीस जूनला संपतं. अध्यक्षपद एका वर्षाचंच. ठरलेल्या दिवशी खुर्ची सोडणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात आणखी कुठे दिसतो, मला ठाऊक नाही. खुर्ची सोडतो, माईक सोडत नाही. पण तेवढं चालायचंच. पदग्रहण समारंभ ऐन पावसात येतो. मावळते अध्यक्ष आपल्या वर्षाचा आढावा घेतात, उगवते अध्यक्ष आपल्या वर्षाची स्वप्नं सांगतात, आणि दोन्ही भाषणांत पाऊस पत्र्यावर इतका वाजतो की आढावा कुठला आणि स्वप्न कुठलं ते कळत नाही. ऐकू आलं असतं तरी कळलं नसतं.

पण समारंभाचा खरा ताण माझ्या टेबलावर असतो. पत्रिका! नावाआधी 'रो.' हवं. नावापुढे माजी अध्यक्षाला 'पीपी', नुकत्याच मावळलेल्याला 'आयपीपी'. रोटरी फाउंडेशनला हजार डॉलर दिले असतील तर 'पीएचएफ', म्हणजे पॉल हॅरिस फेलो. क्लब वीस वर्षांचा झाला की पीपी नसलेला माणूस शोधून काढावा लागतो. तोही दोन वर्षांनी पीपी होणार असतो. एकाच्या नावाच्या आगेमागे इतकी अक्षरं लागली की मूळ नाव दुसऱ्या ओळीत गेलं. तो तक्रार घेऊन आला, "माझं नाव लहान टायपात का?" मी म्हटलं, "शेठ, आपल्या पदव्या मोठ्या टायपात आहेत, नाव सगळ्यांना माहीतच आहे." तो खूश होऊन गेला. छापखान्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माझ्या वडिलांनी मला हीच एक विद्या दिली.

डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची भेट म्हणजे वर्षातला मोठा सण. एकदा आम्ही चौकात 'माननीय गव्हर्नर यांचे हार्दिक स्वागत' असा फ्लेक्स लावला, तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आले. राज्यपाल येणार आणि आम्हाला बंदोबस्ताचा कागद नाही, हे कसं? त्यांना समजावून सांगितलं, की हे आमचे गव्हर्नर, धंद्यानं खतांचे घाऊक व्यापारी. हवालदार थोडे हिरमुसले, पण चहा घेऊन गेले. त्या एका संध्याकाळी हॉलचा एसी चालू होतो. एरवी तो भिंतीवर असतो.

सेवेबद्दल अजून काहीच बोललो नाही, हे लक्षात आहे. क्लबातही ती शेवटीच येते.

रोटरीच्या अगदी सुरुवातीच्या लोकोपयोगी कामांत शिकागोच्या सिटी हॉलजवळच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचा मान मोठा आहे. त्याला विरोधही झाला, तो दारूवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. कारण अडलेला माणूस त्यांच्याकडे शिरायचा आणि बाहेर पडताना संकोचापोटी काहीतरी घेऊन पडायचा. हा इतिहास ऐकून आमच्या क्लबनं बसस्थानकाजवळ स्वच्छतागृह बांधायचं मनावर घेतलं. देणगीदार मिळाला. मात्र त्यानं स्पष्ट अट घातली, की फरशीवर माझं नाव नको, वडिलांचं तर नकोच नको. नाव नको म्हणणारा देणगीदार क्लबच्या इतिहासात हा पहिला आणि शेवटचा. एरवी बाक देणाऱ्याचं नाव बाकाच्या पाठीवर इतक्या मोठ्या अक्षरांत असतं की टेकून बसणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर आडनाव उमटतं.

याच स्थानकावर बाकाचाच एक प्रसंग घडला. आमच्यासारखाच आणखी एक सेवाभावी क्लब गावात आहे. लायन्स म्हणा, जेसीज म्हणा, या सगळ्यांचं मूळ तिकडेच अमेरिकेत. लायन्सवाला मेल्विन जोन्स तर शिकागोचाच, विमा एजंट. जेसीजमधून चाळिशीला बाहेर पडावं लागतं, म्हणून ते आमचं बालवर्ग खातं. तर आम्ही प्रवाशांसाठी बाक द्यायचे ठरवले, त्यांनी शेड द्यायची ठरवली. दोन्ही क्लबांनी एकमेकांना कळू न देता कामं उरकली. आता शेड स्थानकाच्या एका टोकाला आहे आणि बाक दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात प्रवासी शेडखाली उभे राहतात. बाकांवर बसस्थानकातली कुत्री संध्याकाळनंतर बसतात.

असं हसायला पुष्कळ आहे. एका व्हीलचेअरला अठरा हात लागलेला फोटो, पलंगाएवढा धनादेश, आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात लागणारं झाड. मी हे सगळं छापलेलं आहे. पण मोतीबिंदूच्या शिबिराला मला हसता येत नाही, कारण तिथे ही हास्यास्पद मंडळी अचानक कामाची होतात. आमच्याकडच्या माणसाला नियोजन येत नाही असं म्हणतात. पण दोनशे पानांचं लग्न मात्र तो हातातल्या वहीवर पार पाडतो. शिबिरात तेच होतं. नगररचनावाले पहाटे जीपमधून वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं गोळा करायला जातात; कुठल्या वस्तीचा रस्ता कुठे संपतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, कारण प्लॉट तिथवर पाडलेले असतात. मॅडम साखर तपासतात. वाढलेली निघाली तर ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि आजीबाई रडायला लागल्या की अण्णा त्यांना, "अहो, माझी याहून जास्त आहे," म्हणून धीर देतात. ठेकेदार तीन पोरगेले कामगार आणि एक जनरेटर घेऊन हजर असतात. निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येकाच्या कपाळावर पट्टी चिकटवून कोणता डोळा ते लिहितात, ठसठशीत अक्षरात, शुद्धलेखनासह. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसताना एका आजोबांनी विचारलं, "पुढाऱ्याचं नाव काय तुमच्या?" निवडणूक नाही, असं सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी दोनदा विचारलं.

पोलिओचंही असंच. रोटरीनं १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांपासून हे काम हाती घेतलं, १९८५ मध्ये जगभर न्यायचं ठरवलं. १९८८ साली सव्वाशे देशांत हा रोग होता आणि वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात मुलं त्यानं लुळी होत होती. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. आमच्या गावातलं खरं काम अंगणवाडीच्या ताईंनी केलं, हे सांगितलं पाहिजे. त्या लसीचा डबा खांद्याला लावून ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत, वीटभट्ट्यांपर्यंत जात होत्या. आम्ही पिवळी जाकिटं घालून बूथवर बसायचो, बर्फ आणून द्यायचो, ताईंना वडापाव आणि चहा पोचवायचो, करंगळीवर शाईची खूण करायचो. फोटोही काढायचो. एका रविवारी बर्फाचा कारखाना बंद निघाला. तेव्हा आईस्क्रीमवाल्या सभासदानं भर उन्हाळ्यात फ्रीजरमधला माल बाहेर काढून लसीचे आईसपॅक आत ठेवले आणि बाहेर काढलेलं सगळं आईस्क्रीम बूथवरच्या पोरांना वाटलं. त्या बूथवर त्या दिवशी काही मुलं तीन-तीनदा डोस घ्यायला आली. करंगळ्या तपासाव्या लागल्या.

डिसेंबरात वार्षिक सभा. एकतीस तारखेच्या आत पुढच्या अध्यक्षाचं नाव ठरवून मोकळं व्हायचं असतं. या सभेला हजेरी शंभर टक्के, कारण जो गैरहजर असतो तो सर्वानुमते अध्यक्ष होतो. पायाला प्लॅस्टर घातलेला माणूस दोघांच्या खांद्यावरून जिना चढून आलेला मी पाहिला आहे. सेवेची तळमळ नव्हती, भीती होती. यंदा सगळे आले होते. नुसत्या मॅडम नव्हत्या. गावात डेंगीची साथ आणि लॅबमध्ये नमुन्यांची रांग. सूचक अण्णा, अनुमोदक नगररचना. दोघांनाही ज्या तत्परतेनं हात वर करता आला, त्यावरून साखरेचा काही परिणाम झालेला दिसला नाही.

मॅडम नऊला आल्या, जेवणं अर्ध्यावर असताना. बातमी ऐकून त्यांनी पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घेते. तीन अटी आहेत." पहिली, घंटा साडेसातला म्हणजे साडेसातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण ही अट पाळली जाणार नाही याची प्रत्येकाला खात्री होती. दुसरी, प्रत्येक सभेत आधी मागच्या ठरावांचा हिशेब. टाळ्या जरा विरळ झाल्या. तिसरी, पत्रिकेवर यापुढे सगळी नावं आडनावांप्रमाणे अकारविल्हे. पीपी नाही, आयपीपी नाही, कोणाला मोठा टाईप नाही. टाळ्या थांबल्या. दोघे माजी अध्यक्ष ताट ठेवून उभे राहिले. ज्यांचं आडनाव 'क्ष'पासून सुरू होतं त्यांनी हा अन्याय असल्याचं नोंदवायला सांगितलं. 'पायाभूत सुविधा'वाल्यांचं आडनाव 'अ'पासून आहे, हेही सर्वांच्या एकदम लक्षात आलं आणि ते स्वतः मात्र मॅडमच्या विचारांतल्या लोकशाहीवर बोलू लागले.

शेवटी यावर एक समिती नेमली. समितीत मी आहे, कारण कागद माझा आणि शाई माझी. पहिली बैठक येत्या गुरुवारी साडेसहाला आहे, जेवणासह.